आबांची गोळी आणि पोटातला गोळा

पूर्वी आपल्या घरांत औषध म्हणजे कोनाड्यातली बामची बाटली आणि तापाच्या दोन गोळ्या. आता वडीलधाऱ्यांच्या उशाशी खिळ्याला पिशवीच लटकलेली असते. तीत रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि ज्यांचे ठोके बिघडले त्यांची हृदयाची गोळी. कोणती केव्हा घ्यायची ते डॉक्टर सांगतात, औषधवाला पाकिटावर पेनाने रेघा मारून देतो. पण ती गिळायची कशी आणि पोटात गेल्यावर तिचे काय होते, हे सहसा कुणी सांगत नाही. आम्हीही कधी विचारले नव्हते. शेजारच्या आबांवर प्रसंग आला तेव्हा विचारावे लागले.

आबा ७४ वर्षांचे. गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर वॉचमनची नोकरी करून त्यांनी संसार ओढला. दोन वर्षांपूर्वी छातीत धडधड सुरू झाली. कार्डिओग्राम काढला. ठोके अनियमित आणि फार जलद पडत होते. डॉक्टरांनी व्हेरापामिल नावाची गोळी दिली, २४० मिलिग्रॅमची, दिवसातून एकच, जेवणाबरोबर घ्यायची. गोळी लांबट आणि मोठी. आबांचे दात गेलेले, घास उतरतानाच ठसका लागायचा, तिथे ही गोळी कशी उतरणार? सुनेने खलबत्ता काढला, गोळी कुटून बारीक केली आणि गुळाच्या पाण्यात कालवून पाजली. सासऱ्याची सेवा म्हणूनच तिने ते केले. दोनेक तासांनी आबा मोरीकडे जायला उठले आणि दारातच बसले. घेरी, घाम, हातपाय गार. दवाखान्यात नाडी मोजली तर मिनिटाला ३८. दोन रात्री यंत्रावर ठेवले तेव्हा माणूस घरी आला.

सून आमच्याकडे आली आणि म्हणाली, "तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हीच सांगा. गोळी तीच, वजन तेवढेच. नुसती कुटल्याने विष कशी झाली?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला आणखी एक गोष्ट कळली. कुटलेली गोळी जशी घात करते, तशी न विरघळता पोटात गोळा होऊन बसलेली गोळीही करते. दोन्हींचे मूळ एकच आहे.

गोळी की धरण?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटीशी जागा आहे. तिथून विजेचा इशारा निघतो, मधल्या चौकीतून खाली उतरतो आणि मग हृदय आकुंचन पावते. विश्रांतीत मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. आबांसारख्या रोग्यांच्या वरच्या कप्प्यांत नुसती थरथर चालते, इशारे सैरावैरा सुटतात. व्हेरापामिल मधल्या चौकीवर काम करते. तिथल्या पेशींत कॅल्शियम शिरण्याची वाट ते अडवते. इशारे कमी उतरतात, ठोके आवरतात. औषध चांगले आहे, जुने आहे, लाखो लोक त्यावर आहेत. पण मात्रा एकदम जास्त झाली तर तीच चौकी जवळजवळ बंद पडते आणि रक्तदाबही खाली येतो.

साध्या व्हेरापामिलचा असर सहा-आठ तास टिकतो, म्हणून ती गोळी दिवसातून तीन वेळा घ्यावी लागते. कामाला जाणारा माणूस दुपारची गोळी विसरतो. म्हणून कारखानदारांनी दिवसभराचे औषध एकाच गोळीत भरले आणि ते हळूहळू सुटेल अशी सोय केली. पाकिटावर औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरे असतात ती याचीच खूण.

ही सोय कशी करतात? सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याच्याभोवती बुळबुळीत जाळी धरते, तसेच काहीसे. या गोळ्यांत डिंकासारखे पदार्थ कालवलेले असतात. काही झाडांच्या तंतूंपासून केलेले, काही समुद्रातल्या शेवाळापासून काढलेले. पोटातले पाणी लागले की गोळीभोवती चिकट थर फुगतो आणि त्या थरातून औषध झिरपत राहते. धरणाच्या दरवाजातून पाणी सोडावे तसे. खलबत्त्यात गोळी कुटली म्हणजे धरणच फोडले. दिवसभराचे २४० मिलिग्रॅम औषध तासा-दोन तासांत रक्तात उतरले. आबांचे तेच झाले.

तोच डिंक उलटतो तेव्हा

आता दुसरी बाजू. एक गोळी पाण्यात फुगली तर हरकत नाही, ती त्यासाठीच केलेली आहे. पण अशा पुष्कळ गोळ्या एकाच वेळी पोटात गेल्या तर त्यांचे चिकट थर एकमेकांना चिकटतात. दमट दिवसांत बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्यांचा गठ्ठा होतो, तसा गठ्ठा जठरात तयार होतो. पाणी कमी प्यायले असेल तर लवकर होतो. शिवाय व्हेरापामिल आतड्याची हालचालही मंदावते, म्हणजे औषधच गठ्ठ्याला पुढे सरकू देत नाही. व्हेरापामिल आणि त्याच्याच गटातल्या डिल्टियाझेम, निफेडिपिन या औषधांच्या लांब असरवाल्या गोळ्यांचे असे गोळे डॉक्टरांना रोग्यांच्या पोटात सापडलेले आहेत. काही दुर्बिणीतून काढले, काही माणूस गेल्यावर शवविच्छेदनात दिसले.

एकदम इतक्या गोळ्या कोण खातो, असे कुणी म्हणेल. खेळता खेळता मूल खाते. विसरभोळे आजोबा सकाळची गोळी तीनदा घेतात. आणि स्पष्टच लिहितो, भांडणाच्या, कर्जाच्या, निराशेच्या भरात जे हाताला लागेल ते तोंडात टाकणारी माणसे आपल्याही वस्त्यांत आहेत. अशा वेळी घरच्यांची फसगत होते ती इथेच. माणूस चार-पाच तास चांगला बोलतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, काही झाले नाही, झोपू द्या. पोटातला गठ्ठा मात्र थेंबाथेंबाने औषध सोडत असतो. ठोके मंदावणे, रक्तदाब कोसळणे हे बारा तासांनी सुरू होऊ शकते, त्याहूनही उशिरा. म्हणून लांब असरवाल्या गोळीचे नाव ऐकले की डॉक्टर बऱ्या दिसणाऱ्या माणसालाही निदान चोवीस तास दाखल करून घेतात. ही पैसे काढायची युक्ती नाही. "पेशंट तर ठीक आहे" म्हणून सही करून घरी आणू नका.

घरी मिठाचे पाणी पाजून, घशात बोटे घालून ओकारी काढू नये. रिकामी पाकिटे, उरलेल्या गोळ्या, चिठ्ठी सगळे पिशवीत घालून सोबत न्यावे. डॉक्टरांना नुसते "हार्टची गोळी" सांगून भागत नाही. पुढची दोन अक्षरे त्यांना हवी असतात, कारण त्यावर उपचार बदलतो. आतडे धुऊन काढणारे एक द्रावण नळीतून काही लिटर देतात, म्हणजे गोळ्या चिकटायच्या आत पुढे निघून जाव्यात. गठ्ठा धरलाच असेल तर घशातून दुर्बीण घालून तो फोडावा किंवा काढावा लागतो. एक्स-रेत असा गोळा दिसेलच असे नाही, म्हणून तुम्ही दिलेली माहितीच डॉक्टरांचे डोळे.

या गोळ्याला म्हणे राजे सोने मोजत

पोटातल्या अशा गोळ्याला डॉक्टरी भाषेत बेझोआर म्हणतात. हा शब्द कुठून आला ते वाचून आम्हाला गंमत वाटली. मूळ फारसी शब्द पादजहर. त्यातला जहर आपल्या ओळखीचा. पादजहर म्हणजे जहरापासून राखणारा. इराणकडच्या रानबकऱ्यांच्या पोटात केस, गवताचे तंतू आणि क्षार यांचे थर बसून गुळगुळीत खडे होत. ते खडे कोणत्याही विषावर उतारा, अशी राजेरजवाड्यांची समजूत. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात या खड्यावर एक प्रकरणच आहे. हा वैद्य म्हणजे ज्याच्याकडे एके काळी मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते तो. पुढे अस्सल खडे पुरेनात म्हणून गोव्यातल्या ख्रिस्ती मठात नकली खडे होऊ लागले. शिंपल्यांची पूड, माती, डिंक, रत्नांचा चुरा एकत्र वळून वर सोन्याचा वर्ख. युरोपात ते 'गोव्याचे खडे' म्हणून विकले जात. असा एक खडा सोन्याच्या जाळीदार डबीसकट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

त्याच सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजाच्या पदरी आंब्र्वाझ पारे नावाचा शल्यवैद्य होता. राजाने त्याला असा खडा दाखवला. पारे म्हणाला, सगळ्या विषांवर एकच उतारा असू शकत नाही, तपासून पाहू. चांदीची भांडी चोरल्याबद्दल एका आचाऱ्याला फाशी ठरली होती. विष घे आणि वर हा खडा घे, वाचलास तर सुटलास, असे त्याला सांगितले. तो गरीब कबूल झाला. काही तास तडफडून मेला. खड्याची किंमत कळली, पण कळण्यासाठी जीव गेला तो नोकराचा. हे वाचून आम्ही पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

माणसाच्या पोटात गोळे तऱ्हेतऱ्हेचे होतात. केस तोडून खाण्याची सवय लागलेल्या मुलींच्या पोटात केसांचा गोळा धरतो. टेंभुर्णीच्या कुळातले पर्सिमन नावाचे तुरट फळ आहे, ते भरपूर खाणाऱ्या देशांत त्याच्या चोथ्याचा होतो. आपल्या घरांत ज्याचा धोका खरा आहे ती वस्तू मात्र औषधाच्या पिशवीतच, हृदयाच्या गोळीच्या शेजारी असते.

इसबगोलाचा एक चमचा

दवाखान्यातून आल्यावर आबांची गोळी न कुटता सुरू झाली. मध्ये रेघ होती, डॉक्टरांना विचारून तिथे दोन तुकडे करून. ठोके ताळ्यावर आले, पण तीन-तीन दिवस पोट साफ होईना. हा व्हेरापामिलचा ठरलेला उपद्रव आहे. शंभरात साधारण सात जणांना बद्धकोष्ठ होते, कारण हृदयाच्या चौकीत जे कॅल्शियम अडते तेच आतड्याच्या स्नायूलाही लागते. म्हातारपणी हिंडणे-फिरणे कमी, त्यामुळे त्रास जास्त. आबांनी कुणाला न सांगता इसबगोलाचे पाकीट आणले. रात्री कोरडा भुसा तळहातावर घ्यायचा, तोंडात टाकायचा, वर दोन घोट पाणी आणि आडवे व्हायचे. पाणी दोनच घोट का? तर डॉक्टरांनी बजावले होते, पायाला सूज आहे, दिवसभरात पाणी मोजून प्या.

दोन्ही सूचना पाळणारा शहाणा माणूस असा मधल्यामध्ये सापडतो.

इसबगोल गुजरात-राजस्थानात पिकतो. नाव फारसी, बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून पडलेले. त्याचा भुसा कित्येक पट पाणी शोषून फुगतो आणि मळ मऊ करतो, हा त्याचा गुण. पण ते पाणी आपण द्यावे लागते. नाही दिले तर तो मिळेल त्या ओलाव्यावर अन्ननलिकेतच फुगतो आणि कणकेच्या गोळ्यासारखा अडकतो, किंवा पुढे जाऊन मंदावलेल्या आतड्यात चिकट बुच होऊन बसतो. अमेरिकेच्या औषध खात्याने १९९३ साली इसबगोलासारख्या फुगणाऱ्या पदार्थांच्या डब्यांवर, पुरेसे पाणी न घेतल्यास घशात फुगून गुदमरण्याचा धोका आहे, असे छापणे सक्तीचे केले. त्याआधी १९९० मध्ये तिथे गवारीच्या डिंकाच्या वजन उतरवण्याच्या गोळ्या बाजारातून काढाव्या लागल्या होत्या, कारण त्या फुगून लोकांच्या अन्ननलिका आणि आतडी तुंबली. आपली गवार तीच, भाजीतली. भाजीने काही होत नाही, निव्वळ डिंक कोरडा गिळल्याने होते.

आबांचे नशीब म्हणा, पुढच्या तपासणीला सुनेने इसबगोलाचे पाकीटही पिशवीत टाकून नेले. डॉक्टरांनी ते पाहिले आणि विचारले, हे कसे घेता? आबांनी तळहात पुढे करून दाखवले. डॉक्टर रागावले. मग त्यांनी समजावले ते आम्ही सुनेकडून ऐकले आणि नंतर वाचून खात्री करून घेतली.

इसबगोल घ्यायचा तर मोठा पेला भरून पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी पाणी घ्यायचे, बसून घ्यायचा आणि लगेच आडवे व्हायचे नाही. ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, गिळताना ठसका लागतो, ज्यांच्या जठरावर किंवा आतड्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा जुन्या मधुमेहाने ज्यांचे जठर मंद झाले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. त्यांच्यासाठी पोट साफ करणारी वेगळी औषधे आहेत. आणखी एक: हृदयाच्या गोळ्यांबरोबर, विशेषतः डिगॉक्सिनबरोबर, इसबगोल एकाच वेळी घेऊ नये. औषध त्या लगद्यात अडकते आणि रक्तात कमी पोचते. डिगॉक्सिनची मात्रा अगदी मायक्रोग्रॅममध्ये मोजलेली असते, तिथे थोडाही फरक जाणवतो. निदान दोन तासांचे अंतर ठेवावे.

पाणी हा मुद्दा नुसत्या इसबगोलाचा नाही. आपल्याकडे गोळी थुंकीने गिळायची पैज लागते, किंवा चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर ती ढकलतात. क्विनिडिन हे ठोक्यांचे जुने औषध, लघवीच्या गोळीबरोबर मिळणारी पोटॅशियमची गोळी, किंवा ठोके अनियमित असलेल्यांना रक्त गोठू नये म्हणून देतात ती डॅबिगॅट्रान कॅप्सूल, या अन्ननलिकेत अडकून राहिल्या तर तिथे व्रण पाडतात. ती कॅप्सूल उघडून भुकटीही खायची नाही, कारण मग औषध रक्तात भलतेच जास्त चढते. पाण्याची मर्यादा असलेल्या रोग्याने दिवसाच्या मोजलेल्या पाण्यातूनच गोळीसाठी पाणी राखून ठेवावे, म्हणजे दोन्ही साधते.

शौचात गोळी दिसली तर

हे लिहिताना संकोच वाटतो, पण आमच्या माय-भगिनी हाच प्रश्न कुजबुजत विचारतात. शौचात आख्खी गोळी दिसली, म्हणजे औषध वाया गेले का? रक्तदाबाच्या निफेडिपिनच्या काही लांब असरवाल्या गोळ्यांचे कवच विरघळत नाही. औषध बारीक भोकातून निघून जाते आणि रिकामे टरफल बाहेर पडते. साखरेच्या मेटफॉर्मिनच्या लांब असरवाल्या गोळीचाही मऊ लगदा दिसू शकतो. तेव्हा घाबरून दुसरी गोळी घेऊ नये. एका आजीने तसे केले होते. ती दिवसभर चक्कर येऊन पडून राहिली. मात्र ज्यांचे आतडे जुन्या आजाराने किंवा शस्त्रक्रियेने अरुंद झाले आहे त्यांच्यात ही टरफले अडलेल्या जागी साठू शकतात, म्हणून पोटाचा जुना इतिहास हृदयाच्या डॉक्टरांनाही सांगावा.

पोट फुगून टणक झाले, कळा येतात, उलट्या होतात, वायूही सरकत नाही, किंवा घास छातीत अडकून लाळही गिळता येत नाही, अशा वेळी एरंडेल, जुलाब, पोट चोळणे असले काही करत बसू नये, रुग्णालय गाठावे. ठोक्यांच्या गोळीवरच्या माणसाची नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली आणि घेरी येत असेल तरीही तेच. नाडी मोजायला मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटे ठेवावीत आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. ठोके अनियमित असतील तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, हिशेब चुकतो. आठवी-नववीतल्या मुलांना हे काम द्यावे, ती चोख करतात.

आणि यातले काही वाचून कुणी ठोक्यांची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती एकाएकी सोडली की धडधड परत येते, आणि अनियमित ठोक्यांत हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याची भीती असते. गोळी उतरत नसेल तर तेवढेच डॉक्टरांना सांगावे. बहुतेक औषधांना दुसरा मार्ग असतो. आपली माणसे डॉक्टरांपुढे गप्प उभी राहतात. रांग मोठी असते, साहेब घाईत असतात, आपण काय विचारायचे असे वाटते. पण "ही कुटली तर चालेल का?" एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते, आणि औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टलाही ते विचारता येते.

आबांची लांब असरवाली गोळी डॉक्टरांनी आता बंद केली आहे. त्याऐवजी साध्या, लहान गोळ्या दिवसातून तीन वेळा. लहान असल्याने त्या आबांच्या घशाखाली उतरतात. इसबगोल गेला, त्याच्या जागी एक पातळ औषध आले. सुनेने दुधाच्या मापाच्या बाटलीवर रंगाने रेघा मारल्या आहेत. दिवसाचे पाणी त्यात भरलेले असते आणि वरच्या तीन रेघा गोळ्यांच्या. दुपारी ती कामावर असते तेव्हा नातू शाळेतून आला की आधी बाटलीकडे पाहतो. मधली रेघ उतरली नसेल तर दारातूनच ओरडतो, "आबा, गोळी राहिली!" आणि दप्तर टाकून आबांचा हात नाडी मोजायला पुढे ओढतो.